लॉबीतलं बावखल

मास्तर पहिल्यांदा आमच्या गाळ्यात आले ते भांडायला. पुढे कित्येक वर्षं ते रोज येत राहिले, पण येण्याच्या कारणात फारसा बदल झाला नाही.

वसईच्या औद्योगिक वसाहतीत, सातिवलीला आमचा गाळा. एका बाजूला डब्यांची झाकणं बनतात, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचे हँगर, आणि मधे आम्ही कला बनवतो. म्हणजे जगातली नावाजलेली चित्रं मोठ्या मशिनवर कॅनव्हासवर छापायची, वरून ब्रशने पारदर्शक जेल फासायचं. ते वाळलं की बोट फिरवल्यावर रंगाचे फटकारे हाताला लागतात. मग मागे शिक्का मारायचा, 'हँड फिनिश्ड'. हात सुनंदाचा आणि तिच्यासारख्या आणखी दोघी-तिघींचा. मी ऑफिसात. ऑर्डरी घ्यायच्या, बिलं करायची, आणि गिऱ्हाइकाला फोनवर समजावायचं की तुमचा सोफा निळा असेल तर चित्रही निळं करून देऊ, मूळ चित्रकाराची हरकत नाही, तो वारला.

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपायचे धावते सात घोडे. त्याखालोखाल एका फ्रेंच बागेतला पूल. हिरवा, कमानदार. खाली तळं, तळ्यात कमळं, आणि सगळं इतकं धूसर की आपण चष्मा घरी विसरलो की काय असं वाटावं. कुणा दाढीवाल्या फ्रेंच चित्रकाराने स्वतःच्या बागेत तळं तयार करून, त्यावर पूल बांधून, मग म्हातारपणापर्यंत तेच रंगवलं, ही माहिती मला मास्तरांनी दिली. आमच्या कॅटलॉगमध्ये एवढंच होतं: 'गार्डन ब्रिज. डायनिंगच्या भिंतीसाठी उत्तम.'

मास्तर वसईतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि आमचा पूल दिला. पुढच्याच आठवड्यात पूल वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत धरून, मास्तर गाळ्याच्या दारात उभे. उंच, हडकुळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चेहरा असा की समोरच्याने गृहपाठ केलेला नाही हे त्यांना आधीच कळलंय.

"हे परत घ्या," ते मला म्हणाले.

"फ्रेम तुटलीय का?"

"नाही. चित्र खोटं बोलतंय."

आमच्या तक्रारींच्या रकान्यांत हा प्रकार नव्हता. त्यांनी चित्र टेबलावर आडवं टाकलं आणि उजेडात तिरकं धरून मला दाखवलं. "ह्या माणसाने पाणी आडव्या हाताने काढलंय. आणि वरचं हे तुमचं जेल बघा. उभं. पाण्याला खाज सुटल्यासारखं."

आतून सुनंदा बाहेर आली. तिचंच जेल होतं. "एवढं कळतं तर तुम्ही या ना करायला," ती म्हणाली.

आमच्या शेठना कुठल्याही भांडणातून कामगार शोधता येतो. ते केबिनमधून डोकावून म्हणाले, "हां, या ना मास्तर. घरी बसून काय करणार? आमच्या पोरींना पण जरा शिकवा."

मला वाटलं होतं, अपमान समजून निघून जातील. सोमवारी सकाळी ते स्वतःचं लाकडी स्टूल घेऊन हजर झाले. जुना शर्ट उलटा घालून बटणं पाठीवर लावून घेतली, हा त्यांचा अ‍ॅप्रन. बटणं लावायला रोज कुणीतरी लागायचं, आणि जो लावेल त्याला "हळू, मी भिंत नाही" हे ऐकावं लागायचं.

नावाने हाक मारणं त्यांना मान्य नव्हतं. शेठ म्हणजे 'व्यवस्थापन', मी 'ऑफिस', सुनंदा 'उभं जेल'. "ऑफिस, जरा इकडे या," असं म्हणाले की मी उठून जायची. मग ते मला गाळ्याच्या दारात उभं करायचे आणि आतल्या कॅनव्हासकडे बोट दाखवायचे. "डोळे अर्धे मिटा. पूर्ण नाही, झोपायचं नाहीये. आता सांगा, काय दिसतं?" मी म्हणायची, पूल. ते म्हणायचे, "म्हणजे तुम्ही डोळे मिटलेच नाहीत."

आयुष्यभर पेपर तपासलेले असल्यामुळे हातातून जाणाऱ्या प्रत्येक चित्राला ते मार्क द्यायचे. मागच्या बाजूला, पेन्सिलीने, शेऱ्यासकट. हे आम्हाला कळलं ते विरारच्या एका बाईंचा फोन आला तेव्हा. चित्र भिंतीवर लावताना त्यांच्या नवऱ्याने मागे वाचलं होतं, 'घाई झालेली दिसते. चाळीसपैकी एकोणीस.' शेठ तावातावाने बाहेर आले. मास्तर शांतपणे म्हणाले, "पास केलंय." शेठनी सक्त ताकीद दिली, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने विचारलं की तुमच्याकडे तिसाच्या वरचं काही आहे का. शेठ दोन दिवस गप्प होते. त्यांच्या गप्प बसण्याला मी विचार करणं म्हणत नाही, पण ह्या वेळी बहुधा तेच चालू होतं.

तिसाच्या वर मास्तर कुणालाच देत नसत. फ्रेंच चित्रकारालासुद्धा नाही. त्याचे मार्क कापण्याचं कारण ठरलेलं होतं. "पुलाला टोकं कुठायत? डावीकडे चित्र संपतं, उजवीकडे चित्र संपतं, पूल मधेच. चढायचं कुठून, उतरायचं कुठे? आमच्या सातवीच्या पोराने असं काढलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता." सुनंदा एकदा म्हणाली, "अहो, मोठा माणूस होता तो." मास्तर म्हणाले, "मोठा होता म्हणूनच. लहान असता तर समजावून सांगितलं असतं."

मास्तर वसईजवळच्या गिरीजचे, तिथल्या ख्रिस्ती वस्तीतले. वाडीत जुनं घर, भोवती केळी, नारळ, आणि घराच्या मागे बावखल. वाडीतल्या तळ्याला तिकडे बावखल म्हणतात. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायचे, "घरात एक हायकमांड असताना दुसरी कशाला?" बहिणीचा फोन आला की मास्तर तो कानापासून लांब धरायचे, आणि मशिन चालू असूनही अख्ख्या गाळ्याला ऐकू जायचं. बोलणं त्यांच्या घरच्या बोलीत. माझं माहेर-सासर कोकणातलं, राहणं विरारच्या मनवेलपाड्याला. त्यातला एक शब्द मला कळत नसे. पण रागवण्याला भाषा लागत नाही. मास्तर ऐकून घ्यायचे, "हं" म्हणायचे, फोन ठेवायचे आणि आम्हाला सांगायचे, "विचारते, मासे खाणार का." आम्हाला तर वाटायचं, घराला आग लागलीय.

मग ती ऑर्डर आली.

गिरीजच्या बाजूला एक टॉवर उभा राहत होता. नावात लेक, मेडो आणि हाइट्स हे तिन्ही शब्द होते, त्यामुळे यातली कुठली गोष्ट तिथे शिल्लक राहणार नाही याची आधीच कल्पना यावी. लॉबीच्या भिंतीसाठी त्यांना आमचा पूल हवा होता, बारा फूट लांब. अडचण अशी की मूळ चित्र जवळजवळ चौरस. बारा फूट ताणलं असतं तर पुलाची रबराची नळी झाली असती. शेठनी तोडगा काढला. "मधे प्रिंट मारू. दोन्ही साइडला मास्तर हाताने काहीतरी हिरवं हिरवं भरतील. झाडंबिडं. काय मास्तर?"

मास्तरांनी माझ्या हातातल्या कागदावरचा पत्ता वाचला. कागद घडी करून मला परत दिला. दुसऱ्या दिवशी कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. शेठ माझ्यावर भडकले, जणू मीच त्यांना खिशात लपवलं होतं. "जा, घेऊन ये त्यांना. पार्टी डोक्यावर बसलीय."

मी रिक्षा करून गिरीजला गेले. घर सापडायला वेळ लागला नाही, कारण टॉवर त्याच्या अंगावरच उभा होता. मास्तरांच्या चुलत भावांनी आपली वाडी बिल्डरला दिली होती आणि तिथे टॉवर पूर्ण होत आला होता. आता पुढच्या पार्किंगसाठी बावखल बुजवायचं होतं. भावांच्या बाजूने मुरूम टाकून झाला होता. उरलं होतं मास्तरांच्या वाट्याचं पाणी, आणि त्याच्या अरुंद भागावर पलीकडे जायला टाकलेली नारळाची दोन खोडं. त्या खोडांपाशी मास्तर खुर्ची टाकून बसले होते. समोर पिवळा डंपर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर तंबाखू मळत सावलीत बसला होता.

"ऑफिस, तुम्ही?" मास्तर म्हणाले. "बसा. ह्याने मघाशी गाडी मागे घेतली ती बघायला हवी होती. अकरा मार्क दिले."

तेवढ्यात घरातून त्यांच्या बहीण आल्या. लाल लुगडं, डोक्यावर पदर, आणि एकेक पाऊल गुडघ्याला विचारून टाकल्यासारखं. मी गाळ्यातून आले आहे म्हटल्यावर त्या मला धरूनच बसल्या. माझ्याशी त्या शाळेतल्यासारखं मराठी बोलायचा प्रयत्न करत होत्या, भावाकडे वळल्या की गाडी बोलीवर जायची. मला ती लिहिता येणार नाही, म्हणून मास्तरांनी नंतर उलगडून सांगितलं तसं माझ्याच भाषेत सांगते.

"ह्याला समजव तू. हा वर्षभर बिल्डरच्या कागदावर सही करत नाही. कामावरून आला की रोज इथे बसतो. मला म्हणतो, आपलं पाणी, आपलं पाणी. पाण्यात उतरतं कोण? मी. भांडी मी घासते, साप मी हाकलते, डास मला चावतात. हा लांबून डोळे मिटून बघतो."

"अर्धे," मास्तर म्हणाले.

"माझे गुडघे गेले रे. रात्री संडासला बाहेर जायचं म्हणजे मला रडू येतं. ते लोक फ्लॅट देतायत, लिफ्ट देतायत."

"लिफ्टने जाणार कुठे?"

"वर. तुझ्या डोक्यावरून."

पलीकडच्या काठावरून कुणातरी बाईने हाक मारून विचारलं, काय चाललंय. बहिणीने तिथूनच, पाण्यावरून, तिला सगळी हकीगत ओरडून सांगितली. त्या शेजारणीने तिकडून आपलं मत दिलं. मग ह्यांनी त्यावर आपलं मत दिलं. डंपरचा ड्रायव्हरही ऐकायला उठून उभा राहिला. मला नंतर कळलं, ही रोजची सभा. सकाळी चुली पेटल्या की सुरू व्हायची.

ती सभा संपल्यावर मास्तरांनी बहिणीला विचारलं, "बाय, नक्की?" त्यात नेहमीचा टोमणा नव्हता, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. बहीण म्हणाल्या, "नक्की." मास्तर उठले, खुर्ची मिटली आणि मला म्हणाले, "चला ऑफिस. व्यवस्थापनाला हिरवं भरून पाहिजे ना?"

त्यांनी त्याच आठवड्यात सही केली. गाळ्यात ते नेहमीसारखे येऊन स्टुलावर बसले. फक्त सुनंदाने त्यांच्या पाठीवरची बटणं लावली तेव्हा ते तिला काही बोलले नाहीत, आणि सुनंदा घाबरून मला सांगायला आली.

बारा फुटी कॅनव्हास आम्ही भिंतीला टेकवून ठेवला होता. मधे फ्रेंच पूल छापलेला, दोन्ही बाजूंना पांढरं. मास्तरांनी त्या पांढऱ्यावर काम सुरू केलं. आधी त्यांनी पुलाला टोकं दिली. डावीकडे हिरवा फ्रेंच कठडा हळूहळू तपकिरी होत गेला आणि काठाला टेकला तेव्हा तो नारळाच्या दोन खोडांचा झाला होता. काठावर केळी, केळींच्या पुढे एक लाल ठिपका. उजवीकडे माडाची झावळी, तांबूस काठ, आणि काठावर पिवळ्या रंगाचे तीन-चार जाड फटकारे. जवळून बघितलं तर सगळा नुसता रंगाचा राडा. मी दारात जाऊन, न सांगता, डोळे अर्धे मिटून बघितलं. पिवळा डंपर मुरमाच्या ढिगाऱ्यावर मागे येत होता, आणि समोरच्या काठावर लाल लुगड्यातली बाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"मास्तर, हे चालणार नाही," मी म्हटलं.

"का? हिरवंच तर आहे बरंचसं."

चित्र बघायला बिल्डरच्या इंटीरियरवाल्या मॅडम आल्या. शेठ त्यांच्या मागे हात चोळत. मी बिलबुक घेऊन उभी. मॅडम चित्रासमोर उभ्या राहिल्या, मोबाइल काढला, फोटो घेतला, आणि म्हणाल्या, "वॉव. हा रेड अ‍ॅक्सेंट काय मस्त आलाय. आणि हे यलो फ्लॉवर्स, एकदम पॉप होतायत. हे ओरिजिनलमध्ये आहेत का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "ते नंतर आले. गावच्या लोकांनी आणले."

"सो स्वीट," मॅडम म्हणाल्या.

डंपर फुलझाड म्हणून पास झाला. मास्तरांनी त्या दिवशी ब्रश नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले. शेठ मात्र खूश होते. ते म्हणाले, "मास्तर, वाईट नाही." आपण काय बोललो हे शेठना कळलं नाही. गाळ्यातली ती सर्वोच्च पदवी होती, आणि आजवर ती फक्त मास्तर इतरांना देत आले होते, तीही क्वचित.

चित्र लॉबीत लागलं. बावखलाच्या जागी पार्किंगचे पिवळे पट्टे आखले गेले. मास्तर आणि त्यांची बहीण चौथ्या मजल्यावर राहायला गेले, त्याच टॉवरमध्ये. म्हणजे रोज येताजाता दोघांना त्या चित्रासमोरून जावं लागायचं. मी मास्तरांना विचारलं, बहिणीला आवडलं का. ते म्हणाले, "तिने बघितलेलं नाही. ती लिफ्ट बघते."

त्यानंतर काही महिन्यांनी मास्तरांनी काम सोडलं. नजर कमी झाली असं शेठना सांगितलं. मला फोनवर खरं कारण सांगितलं, अर्थात त्यांच्या पद्धतीने. "हायकमांड मौनात गेलीय, ऑफिस. घरात लोकशाही आली. फार वाईट असते."

मी नाताळात त्यांच्याकडे गेले. फ्लॅट स्वच्छ, हॉलमध्ये छोटा अल्तार, म्हणजे त्यांचा देव्हारा, त्यावर दिव्यांची माळ. बहीण खिडकीपाशी खुर्चीत. मला बघून हसल्या, "ये" म्हणाल्या, आणि पुढे काही नाही. गुडघ्यांचं विचारलं तर मान हलवली. बरं आहे. लिफ्ट चांगली आहे. संडास आत आहे. जे जे मागितलं ते सगळं मिळालं होतं आणि त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मजल्यावर चार दारं, चारही बंद. पोरं लिफ्टमध्ये "हाय आंटी" म्हणायची. पलीकडच्या काठावरची शेजारीण मुलाकडे राहायला निघून गेली होती, आणि चौथ्या मजल्यावरून ओरडावं असा काठच नव्हता. घरची बोली घरातच दोन माणसांत राहिली होती, आणि त्यातलं एक माणूस मास्तर, ज्यांच्याशी सरळ बोलणं मुळातच अवघड.

"मी प्रयत्न करतो," मास्तर मला जिन्यापाशी सोडायला आले तेव्हा म्हणाले. "परवा भाजीत मीठ घातलं नाही. खाल्ली. काल दुप्पट घातलं. तेही खाल्लं. पूर्वी एवढ्यावर मला गावाबाहेर काढलं असतं."

वर्षभराने सोसायटीकडून आमच्या ऑफिसला फोन आला. त्यांना लॉबीतलं चित्र बदलून सात घोडे हवे होते. कुठल्यातरी वास्तुवाल्याने येऊन सांगितलं होतं की प्रवेशद्वारासमोर साचलेलं पाणी अशुभ असतं, त्याने घरमालकांची प्रगती अडते. खालच्या खऱ्या पाण्यावर मुरूम टाकून बिल्डरची प्रगती झाली होती; आता वरच्या रंगातल्या पाण्याची पाळी. शेठ म्हणाले, "घोड्यांचं कॅटलॉग घेऊन जा. सगळ्या साइज दाखव."

मी गेले तेव्हा रविवारची सभा लॉबीतच, चित्रासमोर भरली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, पन्नासेक माणसं. कोकणातली, देशावरची, मुंबईहून आलेली. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज अजून काउंटरच्या काचेमागून आल्यासारखा. मास्तर आणि त्यांची बहीण मागच्या रांगेत बसले होते. बहीण जमिनीकडे बघत होत्या.

अध्यक्षांनी विषय मांडला. घोडे उजवीकडे तोंड करून असावेत की डावीकडे, यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. मग ते म्हणाले, "कुणाची हरकत नसेल तर ठराव मंजूर समजू."

मास्तर उठले. मला वाटलं, आता चित्राच्या बाजूने काहीतरी झणझणीत येणार.

"माझा पाठिंबा आहे," मास्तर म्हणाले. "चित्र सुमार आहे. काढून टाका. घोडे लावा, निदान ते पळतील तरी. आणि हा डावीकडचा लाल डाग तर अगदीच गलिच्छ आहे. ब्रश पुसल्यासारखा."

त्यांच्या शेजारची खुर्ची सरकली. बहीण उठल्या. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत त्या पुढे आल्या, एकेक गुडघा सांभाळत, आणि चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग भावाकडे वळून त्यांनी जी सुरुवात केली ती गिरीजच्या बोलीत, बावखलाच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाईल अशा आवाजात.

सगळं कुणालाच कळलं नाही. पण त्या बोटाने दाखवत होत्या, आणि उरलेलं मला मास्तरांनी नंतर सांगितलं. हा डाग नाही, ही मी आहे. हे माझं लुगडं. हा पिवळा तो डंपर. ही खोडं माझ्या बापाने टाकली, ह्यांच्यावर उभी राहून मी आईच्या डोक्यावरची भाजीची पाटी उतरवून घेतली. ह्या खोडावरून हा, हा मास्तर, लहानपणी पाण्यात पडला आणि मी त्याला केस धरून काढला, म्हणून आज हा मला डाग म्हणायला जिवंत आहे. मग त्या अध्यक्षांकडे वळल्या आणि मराठीवर आल्या. "पाणी वाईट म्हणता? तुमच्या गाड्या पाण्यावरच उभ्या आहेत. खाली आहे ते. मी रोज बघते."

लोक खुर्च्या सोडून चित्राजवळ गेले. कुणी जवळून बघत होतं, कुणी लांब जाऊन. एका बाईंनी विचारलं, "म्हणजे ही फुलं नाहीत?" दुसऱ्या एकीने बहिणीला विचारलं, तळं किती खोल होतं. मग तिसऱ्याने विचारलं, मासे होते का. बहीण सगळ्यांना उत्तरं देत होत्या, दोन भाषा मिसळून, हात हलवून. कुणाचं बोलणं अर्धं सोडत नव्हत्या. अध्यक्षांनी दोनदा "विषयाकडे वळू या" म्हटलं. विषय तोच चालला होता.

शेवटी मत घेतलं. चित्र काढू नये म्हणून जवळजवळ सगळे हात वर गेले. विरोधात अध्यक्ष, वास्तुवाल्याला घेऊन आलेले गृहस्थ, आणि मास्तर. घोडे क्लब हाऊसमध्ये लावायचे ठरले, डावीकडे तोंड करून. मी ऑर्डर लिहून घेतली.

मास्तरांनी मला चहाला वर बोलावलं. लिफ्टमध्ये बहीण आमच्या दोघांमधे उभ्या होत्या आणि भावाकडे बघत नव्हत्या. घरात शिरल्याबरोबर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जोरात ठेवायला लागल्या. मास्तर हॉलमध्ये खुर्चीत बसले. मी हळूच विचारलं, "त्यांनी चित्र ओळखलंय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मागच्या महिन्यात दुपारी खाली गेलो होतो. लॉबीत कोणी नव्हतं. ही चित्रापाशी उभी होती, स्वतःवर बोट ठेवून. मी परत वर आलो."

"मग विरोधात कशाला बोललात? सगळ्यांसमोर डाग म्हणालात त्यांना."

"ऑफिस, ती कौतुकाला उत्तर देत नाही. कधीच दिलं नाही. तिला समोर कोणीतरी नडणारा लागतो," मास्तर म्हणाले. "ह्या बिल्डिंगमध्ये सगळी सज्जन माणसं आहेत. म्हटलं, आपणच उभं राहावं."

आतून बहिणीचा आवाज सुरू झाला. ह्या माणसाला चहा मिळणार नाही, हे मला समजलं. पुढचं बरंच काही समजलं नाही. मी काहीतरी म्हणायला गेले, तर मास्तरांनी हात वर करून मला थांबवलं आणि खुर्चीत मागे टेकून, ती एकेक शिवी नीट ऐकत बसले.